वाहनांचे बाह्य दिवे : विद्युत्‌मंडलाचा एक पाठ

उच्च प्राथमिक वर्गात विद्युत्‌प्रवाहाचा पाठ येतो तेव्हा आपण शिक्षक बहुधा फळ्यावर एक घट, दोन तारा, एक कळ आणि एक दिवा अशी आकृती काढतो. कळ दाबली की मंडल पूर्ण होते आणि दिवा लागतो. कळ सोडली की मंडल तुटते आणि दिवा विझतो. पाठ्यपुस्तकात ज्यास परिपथ म्हटले आहे तेच हे विद्युत्‌मंडल होय. आकृती निर्दोष असते, विधानही निर्दोष असते. विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत बिनचूक काढून दाखवितात. तथापि तोच विद्यार्थी शाळा सुटल्यावर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या ट्रॅक्टरमागे जाऊन पाहू लागला, तर त्यास इंडिकेटरच्या दिव्यात एकच तार शिरलेली दिसते. पुस्तकात दोन तारा होत्या, येथे एक आहे, आणि दिवा तर लागतो. मग प्रवाह परत कोणत्या वाटेने जातो?

शाळाभेटींच्या वेळी हा प्रश्न मी अनेक वर्गांत विचारीत आलो आहे. ‘जमिनीतून’ हे उत्तर जवळजवळ सर्वत्र मिळते, आणि मोठ्या आत्मविश्वासाने मिळते. ह्यात मुलांचा दोष नाही. घरच्या विजेच्या संदर्भात ‘अर्थिंग’ हा शब्द त्यांच्या कानावर आलेला असतो. गॅरेजमधील मिस्त्रीही मोटारीच्या बाबतीत ‘अर्थ’ हाच शब्द वापरतो. दोन भिन्न गोष्टींस एकच नाव पडल्याने हा घोटाळा होतो. वाहन रबरी टायरांवर उभे असते, रबरातून विद्युत्‌प्रवाह वाहत नाही, एवढे मुलांच्या ध्यानी आणून दिले की ‘जमिनीतून’ हे उत्तर त्यांचे तेच मागे घेतात, आणि खरे उत्तर शोधण्याची ओढ त्यांस लागते. पाठाचा आरंभ येथूनच करावा, असे मी सुचवितो.

आपल्या जिल्ह्यात ह्या विषयाला आणखी एक निकड आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस नागपूर परिसरात सायंकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याच दिवसांत सावनेर-कळमेश्वरकडे कापसाची वेचणी चालू असते, मौदा-रामटेककडे धानाची मळणी असते, काटोल-नरखेडकडची आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजाराकडे निघालेली असतात. मालाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात त्या वेळी आपली पाचच्या घंटेला सुटलेली मुले, कोणी पायी, कोणी सायकलवर, त्याच रस्त्याच्या कडेने घरी जात असतात. श्रीनगर-कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि हाजिरा-पारादीप हा क्रमांक ५३ हे दोन्ही मार्ग नागपूरपाशी एकमेकांस छेदतात; त्यामुळे गावचा रस्ता संपला की ट्रॉली एकदम भरधाव वाहतुकीत शिरते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत रस्त्यावरील मोटार वाहनाचे दिवे लागलेले असले पाहिजेत. म्हणजे आपल्याकडे त्या दिवसांत सायंकाळी सहा वाजता. परंतु ट्रॉलीमागचा लाल दिवा लागत नसेल तर त्याचे कारण काय, आणि ते कोठे शोधावे, हे गावात किती जणांस सांगता येईल? सातवी-आठवीचा विद्यार्थी ते सांगू शकतो. त्यासाठी लागणारे सर्व ज्ञान त्याच्या पाठ्यपुस्तकात आहे. त्यास केवळ परतीच्या वाटेची ओळख करून द्यावयाची आहे.

ती ओळख करून देण्यास सायकलचा जुना डायनमो हे उत्तम साधन होय. आज तो दुर्मिळ झाला असला तरी गावातील एखाद्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात अजून सापडतो. डायनमोपासून पुढच्या दिव्यापर्यंत एकच तार जाते. दिव्यातून निघालेला प्रवाह दिव्याच्या लोखंडी पट्टीतून सायकलच्या नळ्यांत शिरतो आणि नळ्यांतून डायनमोच्या अंगाकडे परततो. डायनमो ज्या पट्टीने नळीस आवळलेला असतो त्या पट्टीत टोकदार स्क्रू असतो, तो मुलांस अवश्य दाखवावा. पट्टी तर आवळलेली असते, मग हा जादा स्क्रू कशासाठी? नळीवरील रंग भेदून आतील उघड्या लोखंडास टेकण्यासाठी. रंगाच्या पातळ थरातून प्रवाह जात नाही, ही गोष्ट त्या एका स्क्रूवरून जितकी पक्की होते तितकी व्याख्यानाने होत नाही.

मोटार, ट्रॅक्टर, बस ह्या सर्वांत हीच योजना असते. बॅटरीचे ऋण टोक एका जाड तारेने वाहनाच्या लोखंडी सांगाड्यास आणि इंजिनास पक्के जोडलेले असते. धन टोकापासून मात्र प्रत्येक दिव्यासाठी स्वतंत्र तार जाते. दिव्यातून बाहेर पडलेला प्रवाह जवळच सांगाड्यात शिरतो आणि सांगाड्यातून बॅटरीकडे परततो. अशा रीतीने प्रत्येक दिव्यामागे एकेका तारेची बचत होते. ह्या परतीच्या मार्गास मी वर्गात ‘परतवाट’ म्हणतो, आणि ‘अर्थ’ हा शब्द मिस्त्रीचा म्हणून वेगळा सांगतो. शिक्षकांनी हवे तर दुसरा शब्द योजावा, मात्र आरंभी ‘अर्थ’ टाळावा हे बरे.

आता धन टोकाकडून निघणाऱ्या वाटेविषयी. ट्रॅक्टर, मोटार व जीप ह्यांच्या बॅटरीत शिसे व आम्ल ह्यांचे सहा घट एकसर जोडलेले असतात. प्रत्येक घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट, म्हणून बॅटरी १२ व्होल्टची. ट्रक आणि मोठ्या बसगाड्या ह्यांत अशा दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट घेतात. बॅटरीतून निघालेली वाट प्रथम फ्यूजमधून जाते, मग कळेतून, मग दिव्यात. फ्यूज ही हेतुपुरस्सर दुबळी ठेवलेली जागा होय. एखादी तार घासून तिचे वेष्टन फाटले आणि उघडे तांबे सांगाड्यास टेकले, तर दिव्याचा रोध मध्ये न येता प्रवाह थेट परतवाटेस लागतो. बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते आणि तार तापून पेट घेऊ शकते. फ्यूजमधील पट्टी त्यापूर्वीच वितळते. किती अँपिअरचा फ्यूज लागेल हे गणित मुलांकडून करून घ्यावे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. पुढच्या दिव्याचा खालचा झोत ५५ वॅटचा असेल तर १२ व्होल्टला सुमारे ४.६ अँपिअर; ब्रेकचा दिवा २१ वॅटचा म्हणजे १.७५ अँपिअर, मागचा लाल दिवा ५ वॅटचा, म्हणजे अर्ध्या अँपिअरहूनही कमी. जळलेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा तारेचा तुकडा बसविण्याची रीत सर्वत्र आढळते. ती का घातक आहे हे ह्या गणितानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

पुढच्या दिव्यांचा प्रवाह मोठा असल्याने तो चालकाच्या हाताजवळील नाजूक कळेतून नेत नाहीत. कळ केवळ एका लहान विद्युत्‌चुंबकास प्रवाह देते. तो चुंबक लोखंडी पट्टी ओढून मोठ्या प्रवाहाची वाट जोडतो. ह्यास रिले म्हणतात. दिवा लावताना बॉनेटखाली ‘टक्’ असा आवाज येतो तो ह्याचाच. विद्युत्‌चुंबकाचा पाठ शिकविताना खिळ्याभोवती तार गुंडाळून टाचण्या उचलण्याचा प्रयोग आपण करतोच. त्यास हे उदाहरण जोडून द्यावे. सर्व दिवे समांतर जोडलेले असतात हेही येथेच सांगावे. एकसर असते तर एक दिवा जाताच साऱ्या गाडीत अंधार झाला असता.

प्रत्येक दिव्याची कळ कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न मुलांस आवडतो. पुढचा व मागचा दिवा चालक स्वतः लावतो. ब्रेकच्या दिव्याची कळ पायाखाली, ब्रेकच्या पट्टीपाशी असते. पाय पडताच दिवा लागतो, चालकाने त्याचा विचारही करावा लागत नाही. मागे घेताना लागणाऱ्या पांढऱ्या दिव्याची कळ गिअरपेटीत असते. नव्या दुचाकी भरदिवसा पुढचा दिवा लावून का धावतात असे मुले विचारतात. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींस तशी सक्ती झाली. इंजिन सुरू होताच दिवा आपोआप लागतो आणि तो विझविण्याची कळच ठेवलेली नसते. दिवसा तो रस्ता दाखविण्यासाठी नसून दुचाकी इतरांस दिसावी ह्यासाठी असतो.

इंडिकेटर हा तर वर्गाबाहेर घ्यावयाचा स्वतंत्र पाठ होईल. त्याच्या वाटेत फ्लॅशर नावाचे लहान साधन असते. ते प्रवाह ठराविक अंतराने तोडते व जोडते. नियमाप्रमाणे त्याची उघडझाप मिनिटास ६० हून कमी व १२० हून अधिक असता कामा नये. घड्याळ घेऊन अर्ध्या मिनिटातील उघडझापा मोजावयास लावाव्या आणि दुप्पट कराव्या. स्वतःच्या नाडीचे ठोके मोजण्याचा सराव मुलांस असेल तर त्या संख्येशी तुलना करण्यात त्यांस मोठी मौज वाटते. पुष्कळशा वाहनांत एका बाजूचा एक दिवा गेला की त्या बाजूची उघडझाप एकाएकी घाईची होते. फ्लॅशरमधून जाणारा प्रवाह कमी झाला म्हणून असे घडते, आणि चालकास जागेवर बसून दिवा गेल्याचे कळावे ह्यासाठी ही सोय मुद्दाम केलेली असते. डावा इंडिकेटर घाईने चालत असेल, तर तंत्रज्ञाकडे न जाताही विद्यार्थी सांगू शकेल की डाव्या बाजूचे दोन्ही दिवे उतरून पाहावे.

येथवर सर्व सोपे आहे. ह्या पाठाचा गाभा मात्र पुढे आहे आणि त्यास दोन तासिका द्याव्या असे माझे मत आहे.

वाहनाच्या मागे बहुधा एकाच बल्बात दोन तंतू असतात. एक ५ वॅटचा, तो रात्री सतत मंद लाल उजेड देतो; दुसरा २१ वॅटचा, तो ब्रेक दाबताच प्रखर होतो. बल्बच्या बुडाशी दोन टिकल्या असतात, त्या दोन तंतूंच्या येण्याच्या वाटा होत. परतवाट मात्र दोहोंची एकच, म्हणजे बल्बचे पितळी अंग. ते अंग होल्डरमध्ये बसते, होल्डर पत्र्यावर बसतो, पत्रा सांगाड्यास जोडलेला असतो. आता पावसाने पत्रा गंजला, किंवा रंगारी पत्रा न घासता रंग मारून गेला, आणि डाव्या दिव्याची परतवाट तुटली असे समजू. दिवा विझेल, असे आपण म्हणू. परंतु तसे होत नाही.

चालक रात्रीचे दिवे लावतो. डाव्या दिव्यातील लहान तंतूत प्रवाह येतो. परतवाट तर तुटलेली. तेव्हा तो त्याच बल्बातील मोठ्या तंतूतून उलट वर चढतो, ब्रेकच्या तारेस लागतो. ही तार उजव्या दिव्यास जोडलेलीच असते. तीतून प्रवाह उजव्या बल्बाच्या मोठ्या तंतूत उतरतो आणि उजव्या बाजूच्या शाबूत परतवाटेने बॅटरीकडे जातो. मोठ्या तंतूंचा रोध लहान तंतूच्या मानाने बराच कमी असल्याने त्यांची फारशी अडचण होत नाही. परिणाम असा की डावा लाल दिवा जवळजवळ नेहमीसारखा लागतो. मालक खाली उतरून मागे पाहतो, दोन्ही दिवे लागलेले दिसतात, त्याचे समाधान होते.

पुढे रस्त्यात तो ब्रेक दाबतो. त्या क्षणी ब्रेकच्या तारेतही पूर्ण १२ व्होल्टचा दाब येतो. आता डाव्या बल्बाच्या दोन्ही टिकल्यांवर सारखाच दाब. जेथे दोन टोकांचा दाब समान तेथे प्रवाह नाही. डावा दिवा पूर्ण विझतो. ज्या क्षणी तो प्रखर व्हावयास हवा, नेमक्या त्याच क्षणी तो काळा पडतो, आणि चालकास हे कधीच दिसत नाही, कारण ते घडते तेव्हा तो पुढे पाहत असतो. मागून येणाऱ्यास एकच उजवा दिवा दिसतो. तो त्यास मोटारसायकलचाही वाटू शकतो.

हा चमत्कार वर्गात हुबेहूब दाखविता येतो. तीन सेलांची बॅटरी, तिला साजेसे विजेरीचे चार तंतूचे बल्ब, दोन कळा, पत्र्याचे दोन तुकडे व काही तारा एवढे साहित्य पुरे. प्रत्येक पत्र्यावर दोन बल्ब असे बसवावे की त्यांची अंगे पत्र्यास टेकतील. एक ‘रात्रीचा’ व एक ‘ब्रेकचा’. दोन्ही रात्रीच्या बल्बांची बुडे एका कळेस आणि दोन्ही ब्रेकच्या बल्बांची बुडे दुसऱ्या कळेस जोडावी. दोन्ही कळांची दुसरी टोके सेलांच्या धन टोकास. प्रत्येक पत्र्यापासून एकेक तार ऋण टोकाकडे न्यावी. प्रथम सर्व ठीक चालते हे दाखवावे. मग डाव्या पत्र्याची तार काढावी, रात्रीची कळ दाबावी आणि काय होईल ते मुलांस आधी वहीत लिहावयास सांगावे. बहुतेक जण ‘डावा बल्ब विझेल’ असे लिहितात. प्रत्यक्षात डावीकडचे दोन्ही आणि उजवीकडचा ब्रेकचा असे तीन बल्ब मंद लालसर होतात. येथे चारही बल्ब सारखे असल्याने दाब तिघांत सारखा वाटला जातो. वाहनात तो मुख्यतः लहान तंतूस मिळतो, एवढा फरक समजावून द्यावा. खोलीची दारे लोटून घेतली तर मंद उजेड नीट दिसेल. नंतर रात्रीची कळ तशीच ठेवून ब्रेकची कळ दाबावी. डावीकडचे दोन्ही बल्ब विझतात, उजवीकडचे दोन्ही झगझगतात. ह्या ठिकाणी वर्गात जी शांतता पसरते ती शिक्षकास फार समाधान देणारी असते.

एलईडीचे बल्ब ह्या प्रयोगास चालणार नाहीत, कारण त्यांतून प्रवाह एकाच दिशेने जातो, उलट चढत नाही. अलीकडील वाहनांत मागचे दिवे पुष्कळदा एलईडीचे असतात आणि काहींत दिव्यांचा कारभार संगणकासारख्या साधनाकडे असतो. तेथे बिघाडाची लक्षणे निराळी दिसतील. परतवाट मात्र तेथेही लागतेच. विजेरीचे जुने बल्ब बाजारात कमी झाले आहेत, परंतु कित्येक शाळांच्या विज्ञानपेटीत ते कागदात गुंडाळलेले तसेच पडून असतात. पेटीची किल्ली शोधण्याचे कष्ट घ्यावे.

आता ट्रॉलीकडे वळू. ट्रॅक्टरचे स्वतःचे दिवे ठीक आणि ट्रॉलीचे मात्र आज लागतात, उद्या नाहीत, असे का? ट्रॉलीस बॅटरी नसते. ट्रॅक्टरमागे बहुधा सात पिनांचे सॉकेट असते. त्यातून डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, ब्रेक, रात्रीचे दिवे ह्यांच्या वाटा ट्रॉलीकडे जातात आणि एक पिन परतवाटेसाठी राखलेली असते. गावातच जोडणी करताना कित्येकदा हीच तार गाळली जाते. ‘लोखंडास लोखंड टेकलेले आहे, निराळी तार कशाला?’ असा त्यामागे हिशेब असतो. मग परतवाट राहते ती केवळ ट्रॉलीची दांडी आणि ट्रॅक्टरचा हूक ह्यांमधील पिनेतून. ही पिन सैल असते, तिला ग्रीस माखलेले असते, वर धूळ व गंज असतो, आणि खड्ड्यागणिक ती हलते. उभ्या स्थितीत दिवा लागतो, चालू लागताच मिचमिचतो, आणि कापसाने भरलेली ट्रॉली रस्त्यास लागली की कधी अजिबात जातो.

अशा सैल जोडाचा रोध किती बाधतो ह्याचे एक उदाहरण वर्गात घालावे. २१ वॅटच्या तंतूचा पेटलेला असतानाचा रोध सुमारे ७ ओहम. परतवाटेच्या जोडात गंजाने ३ ओहम रोध आला असे धरू. एकूण १० ओहम, प्रवाह १.२ अँपिअर, दिव्याच्या वाट्याला दाब साधारण ८ व्होल्ट. दाब एक तृतीयांशाने उतरला, म्हणून उजेडही एक तृतीयांशानेच उतरेल असे मुलांस वाटते. तंतूच्या दिव्याचे तसे नसते. दाब थोडा उतरला तरी तंतूचे तापमान घटते आणि उजेड फार झपाट्याने कमी होतो. ह्या उदाहरणात तो मूळच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी राहील. बल्ब नवा, फ्यूज शाबूत, बॅटरी भरलेली, आणि दिवा मात्र विडीच्या टोकासारखा!

ह्या दोषाची परीक्षा अगदी सोपी आहे. दिवा लावून ठेवावा. हातभर वेष्टित तारेचे एक टोक दिव्याच्या होल्डरच्या उघड्या धातूस आणि दुसरे ट्रॅक्टरच्या सांगाड्यावर घासून स्वच्छ केलेल्या जागी टेकवावे. तार पुरत नसेल तर लांब घ्यावी. दिवा उजळला तर दोष परतवाटेत आहे, बल्ब बदलून उपयोग नाही. उजळला नाही तर येणाऱ्या वाटेकडे वळावे : फ्यूज, सॉकेट, तार, बल्ब. उपायही तितकाच साधा. प्रत्येक दिव्याच्या होल्डरपासून स्वतंत्र तार सॉकेटच्या परतीच्या पिनेपर्यंत आणावी आणि जोड पत्रा घासून, स्क्रूने आवळून, वर ग्रीस लावून बंद करावा. जोडणीपूर्वी ग्रीस लावले तर ते आड येते, आवळल्यानंतर लावले तर पाणी रोखते.

दिवा नसलेली ट्रॉली म्हणजे काय, हे अंकगणिताच्या तासास घ्यावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदास सुमारे १६.७ मीटर जाते. समोर काही आहे हे दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरल्यास २५ मीटर नुसत्या विचारात जातात. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकांनी, थांबण्यास आणखी सुमारे २५ मीटर. एकूण ५०. धुळीने माखलेली अंधारी ट्रॉली डिपरच्या उजेडात सुमारे ४० मीटरांवर आल्याखेरीज स्पष्ट दिसणे कठीण असते. उरलेले १० मीटर कोठून आणावयाचे, हा प्रश्न फळ्यावर तसाच राहू द्यावा. ताशी ८० किलोमीटर वेगासाठी मुलांनी हे गणित घरी करून आणावे. विचारात जाणारे अंतर वेगाच्या पटीत वाढते, परंतु ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, एवढी सूचना त्यांस द्यावी.

मागच्या बाजूस लाल परावर्तक पट्टी लावण्याचा उपाय स्वस्त व चांगला आहे. तिला बॅटरी लागत नाही, तार लागत नाही. येणाऱ्या वाहनाचाच उजेड ती त्याच्याकडे परत पाठविते. सायकलींसही ती अवश्य लावावी. मात्र तिच्यावर चिखल बसला की ती निरुपयोगी होते, आणि मागच्या वाहनाचा दिवा तिच्यावर पडेपर्यंत ती मुकी असते. ब्रेक लागला हे तर ती कधीच सांगू शकत नाही. पट्टी लावली म्हणून दिवा नको, असे म्हणणाऱ्या पालकांस हे समजावून सांगावे.

हिंगणा भागातील शाळांना आणखी एक सोय आहे. तेथे राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे आणि औद्योगिक वसाहतीत महिंद्रा कंपनीचा ट्रॅक्टरांचा कारखाना आहे. पूर्वपरवानगी मिळाल्यास वरच्या वर्गांची शैक्षणिक भेट योजून पाहावी. इतरांना गावातील एखादा ट्रॅक्टर पुरेसा आहे.

वाहन पाहताना काही पथ्ये पाळावी. ट्रॅक्टर सपाट जागी, शाळेच्या आवारात उभा असावा. इंजिन बंद, किल्ली शिक्षकाच्या खिशात, चाकांस दगड लावलेले. बहुतेक वाहनांत ब्रेकचा व रात्रीचा दिवा इंजिन न चालविता लागतो. जेथे किल्लीची गरज पडेल तेथे ती शिक्षकाने किंवा मालकाने फिरवावी. बॅटरीपाशी मुलांस जाऊ देऊ नये. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, परंतु बॅटरीच्या दोन टोकांवर पाना किंवा हातातील कडे आडवे पडले तर ते क्षणात लालबुंद होते. शिवाय भरताना बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो आणि आत आम्ल असते. पेटलेल्या हॅलोजन दिव्यास हात लावू नये. घरातील विजेच्या फळ्यावर ह्यांतील कोणताही प्रयोग करावयाचा नाही, ही ताकीद पाठाच्या आरंभी व शेवटी अशी दोनदा द्यावी.

पाहणीची नोंद ठेवण्यास चार रकान्यांची वही पुरते : दिवा कोणता, लागतो की नाही, मोठ्या तंतूच्या वेळी लहान तंतू विझतो काय, आणि तार टेकविल्यावर उजळतो काय. तिसरा रकाना भरण्यास दोघे लागतात. एकाने रात्रीचा दिवा लावून ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे उभे राहून दोन्ही दिव्यांकडे पाहावे. ज्याचा ट्रॅक्टर पाहिला त्या मालकास त्या पानाची नक्कल मुलांच्याच हस्ताक्षरात द्यावी. त्यावर ‘दोष’ असा शब्द न लिहिता ‘डाव्या दिव्याची परतवाट तुटलेली आहे’ असे लिहावे. शक्य तर हे काम दिवाळीच्या सुट्टीपूर्वी उरकावे, म्हणजे ट्रॉल्या रस्त्यावर येण्याआधी मालकास आठ-पंधरा दिवस हाती मिळतात.